हबवर ठेवलेला हात

महिपतच्या हातावर वाडीचा जेवढा भरवसा होता तेवढा एसटीच्या वेळापत्रकावर कधीच नव्हता. तीस वर्षं त्याने मुंबईतल्या एका गॅरेजात जीपगाड्यांची पुढची चाकं खोलली आणि बसवली. काम सोडून तळा गावाजवळच्या आपल्या वाडीत परतला तो थळच्या एका कोळ्याकडून जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप घेऊनच. त्या गाडीने उभा जन्म होड्या पाण्याबाहेर ओढलेल्या, त्यामुळे खारं पाणी तिच्या हाडात मुरलेलं.

"ही गाडी न्हाय, भंगारवाल्याची ठेव हाय," त्याची बायको इंदूबाई म्हणाली होती.

पण भर पावसात वाडीचा चढ चढणारी तेवढी एकच गाडी. अडलेल्या बायका, तापाने फणफणलेली म्हातारी माणसं, दहावीच्या परीक्षेची पोरं, सगळ्यांना तिनेच खाली नेलं. मुलगा संघर्ष ती चालवायचा आणि महिपत तिची चाकं सांभाळायचा. इंदूबाईही पुढे तिच्यातूनच ऐटीत बाजाराला जाऊ लागली.

महिपतला साखरेचा आजार होता, वीस वर्षांचा मुरलेला. आधी पाय गेले, म्हणजे चालायचे, पण चप्पल निसटून मागे राहिली तरी त्यांना पत्ता नसायचा. मग तेच हातात आलं. सदऱ्याची बटणं लावताना बोटं चाचपडू लागली, उचललेला वॉशर दोनदा सुटू लागला. त्याने घरात कुणाला सांगितलं नाही. हात गेलेला मेकॅनिक म्हणजे ओटीवर बसून माश्या मारणारा म्हातारा, आणि त्या ओटीची त्याला मरणाहून जास्त भीती वाटायची. भीती सगळ्यांनाच वाटते, त्याचं काही नाही. पण हा बाबा गप्प बसला, आणि त्याच हातांनी चाकं खोलत राहिला.

फेब्रुवारीतला रविवार होता. संघर्षची बायको मानसी बाळंतपणाला दिघीला माहेरी गेली होती. ती चार महिन्यांच्या लेकीला घेऊन अकराच्या बोटीने आगरदांड्याला उतरणार होती आणि संघर्ष तिला आणायला जाणार होता. नात पहिल्यांदाच घरी यायची होती. इंदूबाईने पाळणा घासूनपुसून आढ्याला टांगला होता.

आदल्या दिवशीपासून गाडीचं पुढचं डावं चाक घरघरत होतं.

"आबा, माणगावला गॅरेजात दाखवू का?" संघर्षने भीतभीतच विचारलं.

"का? माझं हात तुटलं का?"

"तसं न्हाय वो. तुमाला आता वाकायला तरास व्हतो म्हणून बोललो."

"जॅक आण," महिपत म्हणाला.

सकाळी सात वाजता अंगणात गाडी उचलली. महिपतने चाक काढलं, ते ज्यावर बसतं ते हब उघडलं. आतलं ग्रीस पाणी शिरून ताकासारखं पांढरं झालं होतं. बेअरिंग रॉकेलात धुतलं, नवीन ग्रीस भरलं आणि पुन्हा बसवलं. इथवर कुणीही करील. खरं काम पुढे असतं. हब फिरवत फिरवत नट आवळत जायचा, जड लागलं की किंचित मागे घ्यायचा. सैल राहिला तर चाक डुलतं. घट्ट राहिला तर बेअरिंगचे रोलर तापून जळतात आणि चाकच निखळतं. मागे किती घ्यायचा हे महिपतने कधी मोजलं नव्हतं, ते त्याच्या बोटांना ठाऊक असायचं.

त्या सकाळी बोटं काहीच बोलेनात. त्याने नट मागे घेतला, चाक चढवून वरखाली धरून हलवलं. डुलतंय की नाही, समजेना. चाक पुन्हा काढलं. सैल राहण्यापेक्षा घट्ट बरं, जास्त झालं तर तापल्यावर कळेलच, असं मनाशी म्हणून त्याने नट परत आवळला, वरून लॉकनट लावला आणि वॉशरची कड ठोकून दुमडली.

मग दोघे तळ्याच्या बाजारापर्यंत जाऊन आले. महिपतच्या उस्तादाने घालून दिलेली ही रीत होती. नट आवळला की दहाएक किलोमीटर गाडी फिरवायची, उतरायचं, हबवर तळहात ठेवायचा आणि दहा आकडे मोजायचे. हात टिकला तर काम पक्कं. चटका बसून हात उचलावा लागला तर पुन्हा खोलायचं. आणि ज्याने आवळलं त्यानेच हात ठेवायचा, दुसऱ्याने नाही.

संघर्ष वाकून हात पुढे करत होता. महिपतने तो झटकला.

"तुझा हात नको मधी. आवळलं कोनी?"

त्याने हबवर तळहात ठेवला. एक, दोन, तीन. सावकाश दहापर्यंत मोजलं. हात जागचा हलला नाही.

"जा," तो म्हणाला. "बेधडक जा. पोरीला सांभाळून आण."

त्याला आतून बरं वाटलं. मेलाय असं समजत होता तो हात अजून जिवंत होता.

साडेअकराला इंदूबाईने ताट वाढलं. महिपतने भाकरी मोडायला हात पुढे केला आणि ती ओरडलीच.

"अवो! हाताला काय झालं? चुलीत घातला व्हता का?"

महिपतने हात उलटा केला. तळहातावर मोठा फोड आला होता, कडेची कातडी पांढरी पडली होती. दुखत तर काहीच नव्हतं.

मग त्याला कळलं.

"फोन," तो म्हणाला. "फोन दे आधी!"

फोन लागला, वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिस्त संघर्षला महिपतनेच लावली होती, एकदा कानाखाली वाजवून. चार वेळा फोन पूर्ण वाजून बंद पडला. पाचव्यांदा कुणीतरी उचलला.

"आरं, गाडी थांबव! चाक..."

"कोण बोलताय?" अनोळखी माणूस म्हणाला. "या गाडीवाल्याचे कोण तुम्ही?"

आगरदांड्याच्या अलीकडच्या उतारावर चाक निखळून गाडी दरीत गेली होती. मानसी लेकीला मांडीवर घेऊन धक्क्यावर वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी संघर्षला घरी आणलं. पांढरे कपडे घातलेली माणसं अंगणात दाटली. जीप उभी राहायची तिथेच त्याला ठेवलं होतं. कुणी रस्त्याला शिव्या दिल्या, कुणी खाऱ्या पाण्याला. महिपत मूठ मिटून बसला होता. मानसी रडत रडत बायकांना सांगत होती, "आबांनी सकाळीच चाक बघितलं होतं. हे फोनवर म्हणाले मला, काळजी करू नको, आबांनी हात ठेवून बघितलाय."

महिपतने ते ऐकलं. इंदूबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

त्रिशरण सुरू झालं तशी मानसीने संघर्षचा हात धरला. "आबा, किती गार पडलाय वो!"

महिपत सरकत पुढे आला. त्याने पोराचा हात आपल्या फोडाच्या हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला. गार होता की ऊन होता, त्याला समजेना. मग त्याने तो हात उचलून आपल्या गालाला लावला. गालाला समजलं.