मिनिटाला आठ शब्द

वैजनाथ हालगे मूळचे उदगीरचे. भोसरीतल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं परवाना काढून घरून हौशी (हॅम) रेडिओ चालवला. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत दोन इमारती आहेत. ‘ए’च्या गच्चीवरून ‘बी’च्या गच्चीवरच्या खांबापर्यंत चाळीस मीटर तांब्याची तार ताणलेली आहे. ऐंशी मीटरच्या लांब लहरींना एवढी तार लागतेच. या लहरी भर दिवसा फार लांब पोचत नाहीत. थंडीतल्या सकाळी मात्र नांदेड किंवा हुबळी शेजारच्या खोलीत असल्यासारखी ऐकू येते.

एकेकाळी या पट्ट्यावर मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संदेशांची, गर्दी असे. मग काही जण वारले, काहींनी ते काम संगणकावर सोपवलं. नवे परवानेवाले हातातल्या छोट्या सेटवर शहरातल्या शहरात बोलून खूश राहिले. निवृत्त झाल्यावर हालग्यांनी ‘सकाळची हजेरी’ सुरू केली: सहा ते साडेसहा, ऐंशी मीटर, फक्त मोर्स. सुरुवातीला चार-पाच जण येत. मार्चनंतर एकही नाही. तरी ते रोज सहाला बसत, कुणी आहे का म्हणून हाक देत, आणि कानावर फक्त खरखर येई.

डिसेंबरात ‘बी’च्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरलं. अध्यक्ष अभय देवस्थळी जिन्यात भेटले.

“हालगे, तुमचा खांब काढावा लागेल.”

“अहो, तार वापरात आहे.”

“कशाला वापरता? निदान टॉवेल वाळत घाला, काहीतरी दिसेल तरी.”

“रोज सकाळी हाक देतो मी.”

“हाक मीही देतो, सोसायटीच्या मीटिंगला. कोणी येतं का? उत्तर येतं का तुम्हाला, ते सांगा.”

“मार्चनंतर नाही.”

“रविवारी मीटिंग आहे. तोवर कोणी बोललं तर खांबाला दुसरी जागा बघू. नाहीतर सोमवारी पॅनेलवाले उतरवतील.”

तार उतरली की ऐंशी मीटर बंद. खिडकीत बसेल एवढ्या अँटेनावर या लहरी निघत नाहीत. हालग्यांनी हौशी मंडळींच्या ग्रुपवर सगळं लिहिलं आणि रविवारी याच म्हणून विनंती केली. अंगठे पुष्कळ आले.

ग्रुपवरचं वाचून गुरुवारी दुपारी एक तरुणी दारात आली. श्रद्धा वडके, कसब्यात राहणारी, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. तिने पिशवीतून वही काढली. फेब्रुवारीपासूनची त्यांची प्रत्येक हाक तीत तारीखवार उतरलेली होती. मधे मधे रिकाम्या जागा.

“हे काय सुटलंय?”

“तुम्ही बावीसने जाता, काका. मिनिटाला बावीस शब्द. मला नऊ-दहा जमतात.”

“ऐकता तर रोज. मग उत्तर का नाही दिलंत?”

तिने मार्चचं एक पान उघडलं. नगरच्या एका नवशिक्याने स्वतःचाच कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, चुकवला होता. त्यावर हालग्यांनी पाठवलं होतं: आधी शिका, मग या. ते तिच्या वहीत पूर्ण उतरलं होतं.

“गंमत केली होती मी.”

“मोर्समध्ये हसू ऐकू येत नाही, काका. त्या दिवशी मी माझी मोर्स-की कपाटात ठेवली, पाठवणंच सोडलं. ऐकणारे आणखी आहेत. चौघं तर माझ्याच ओळखीचे.”

हालग्यांनी चहा ठेवला. रेडिओवर जुना शिरस्ता आहे: समोरचा ज्या वेगाने पाठवतो, त्याच वेगाने त्याला उत्तर द्यायचं. त्यांनी तो मोडला नव्हता. समोर कुणी नाही असं धरून ते आपल्याच वेगाने जात राहिले होते.

शुक्रवारी त्यांनी हळू पाठवायचा प्रयत्न केला. मनगट पुढे धावे. अक्षरांमधली जागा मोकळी सोडणं त्यांना वाइंडिंगचा वेढा सैल सोडण्यासारखं वाटे. सव्वासहाला श्रद्धाचा फोन आला, “अजून बारा आहे.” शनिवारी दहा.

रविवारी ते आठवर आले. हाक संपली, खरखर राहिली. मग फार अशक्त, अडखळत एक कॉलसाइन उमटला. श्रद्धाचा. शेवटचं अक्षर चुकलं, तिने थांबून पुन्हा पाठवलं, पुन्हा चुकलं. हालग्यांनी हात मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. तिसऱ्यांदा बरोबर आलं. त्यांनी फक्त ‘मिळालं’ एवढं पाठवलं, आठच्याच वेगाने. त्यानंतर चौघं आले. सगळ्यांनी मिळून दहा-बारा चुका केल्या. नगरचा माणूस आला नाही.

मीटिंगमध्ये त्यांनी नोंदींचं पान पुढे केलं.

“पाचच?” देवस्थळी म्हणाले.

“काल एकही नव्हता.”

“आणि बोलले काय?”

“नाव, गाव, आणि मी कसा ऐकू येतो ते.”

“अर्ध्या तासात एवढंच? आपल्या सभासदांना शिकवा हो हे.” लोक हसले. देवस्थळींनी पान दोनदा वाचलं. “खांब पाण्याच्या टाकीपाशी घ्या. पॅनेलवर सावली पडली तर मात्र मी ऐकणार नाही.”

टाकी खांबाच्या अलीकडे होती, तारेचं उरलेलं टोक खाली वाकवावं लागणार होतं. चालण्यासारखं होतं. खांब हलवायचा म्हणून सोमवारी हजेरी नाही, असं त्यांनी ग्रुपवर कळवलं. यावेळी अंगठे आले नाहीत. सांगलीच्या एका अनोळखी माणसाने विचारलं, “मंगळवारी आहे ना? आणि आठपेक्षा हळू चालेल का?”

हालग्यांनी लिहिलं, “आहे. या.”