भीती वजा करून

तर त्या फळवाल्याच्या काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक आमच्या सूनबाईनं काढलं आणि त्याच्याच तळहातावर ठेवलं, इथवर आलो होतो आपण. काय म्हणाली ठाऊक आहे? "दादा, हे तुमचं काट्याखाली सांडलं होतं." चोर म्हणाली नाही, काही नाही. पण तो माणूस पुढे वर्षभर तिला पाहिलं की एक फळ जास्तच टाकायचा.

वजनकाटे तपासायचं, दुरुस्त करायचं तिचं काम. बापाकडून शिकलेली. दुकान म्हणजे एक खिडकी, एक लांब टेबल आणि मखमली पेटीत पितळी वजनं. ती वजनं उघड्या हातानं उचलायची नाही. बोटाच्या घामानं वजन बदलतं म्हणे! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या बायकोला म्हणाली, "आई, तुमचा स्वयंपाकघरातला काटा वीस वर्षं खोटं बोलतोय." दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं खोकलंसुद्धा नाही.

आणि हीच बाई पोटुशी असताना, सातव्या महिन्यात, स्वतःच मापात खोट करू लागली.

झालं असं, की दवाखान्यात तिचा रक्तदाब जास्त निघाला. दवाखान्यात शिरल्यावर काहींचा नुसत्या धास्तीनंच वाढतो, म्हणून डॉक्टरबाईंनी घरी मशीन घ्यायला लावलं. सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा, सिस्टरला फोनवर कळवा. वरचा आकडा एकशेचाळीसला पोचला तर लगेच या. आता तिच्या थोरल्या बहिणीचं बाळ आठव्या महिन्यात याच दाबापायी गेलेलं. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे, पण विसरलं कोण होतं?

मग काय विचारता! बसली की उठायची, उठली की पट्टा दंडाला. मशीन घूं करायचं, ही ओठ आवळून बघायची. बाळाचे कपडे घडी घालायची, मोडायची, परत घालायची. टेबलाचा खण आवरायची आणि लगेच उपसायची. येईल त्याचं एकच पालुपद. शेजारीण म्हणे, "अगं, आनंदी राहा." माझी बायको म्हणे, "टेन्शन घेऊ नकोस, बाळाला लागतं ते." माझा मुलगा, तिचा नवरा, तर "शांत हो! शांत हो!" असं ओरडायचा. मीही काही कमी शहाणा नव्हतो. म्हणायचो, "पोरी, हस जरा." ती हसायची. तसलं हसू मी दात काढायला बसलेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलंय.

फोनवर मात्र रोज एकशेचोवीस, एकशेसव्वीस. सिस्टर खूश, आम्ही खूश.

एका सकाळी तिचं डोकं ठणकत होतं. पाय इतके सुजलेले, की चपलेचा पट्टा लागेना. तिनं मशीन लावलं. मी शेजारीच चष्मा पुसत होतो. डोळ्यांवर चढवला तर आकडा एकशेबावन्न. वहीत तिनं लिहिलं, एकशेअठ्ठावीस.

"चोवीस कुठं गेले गं?"

"ते भीतीचे, बाबा." गिऱ्हाइकाला समजावावं तशी म्हणाली. "तेल तोलताना आधी डब्याचं वजन वजा करतात ना? तसंच. पट्टा बांधला की मी घाबरतेच. तेवढं काढलं की उरतो तो खरा दाब."

"आणि भीती चोवीसच, हे कुणी ठरवलं?"

"आधी अठरा धरत होते," ती म्हणाली. "हल्ली वाढलीय."

हसावं की रडावं कळेना. शाळा माझी गावातली, चौथीपर्यंतची. डॉक्टरी मला काय कळणार? पण जन्मभर ओझी वाहिलीत. म्हटलं, "पोरी, भरला डबा डोक्यावर घेतला, तर मान कशानं दुखते? तेलानं की डब्यानं?"

तिनं पट्टा दंडालाच लोंबत ठेवून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, लावली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "दोन्हींनी." आणि लगेच, "गाडी बोलवा, बाबा."

दवाखान्यात एकशेछप्पन्न भरला. रक्त घेतलं, लघवी तपासली, पोटावर यंत्र लावलं. बाळाचे ठोके घोडा दौडावा तसे खोलीभर वाजू लागले आणि माझी बायको पदरात तोंड घालून रडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. वेळेत आलात. गोळ्या सुरू करू, पण आता घरी नाही जायचं, आमच्या डोळ्यांसमोर राहायचं." मग खुर्ची ओढून सूनबाईच्या उशाशी बसल्या. रागावल्या नाहीत. विचारलं, "तोळ्यामाशाचा फरक पकडणारी तू. आम्हालाच चुकीचा आकडा का सांगितलास?"

पलंगाभोवती आम्ही सगळे उभे होतो. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे, आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "घाबरू नकोस, बाळाला लागेल, असं हे सगळे रोज सांगायचे. मग मी घाबरलेय, हे कुणाला सांगायचं होतं?"