जोडीदाराचा विमा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे बिलिंगचा विभाग होता. तिथे सगळे तिला ताई म्हणत. पेशंटचे क्लेम विमा कंपनीकडे पाठवायचे, नामंजूर होऊन आले की कंपनीशी भांडून पैसे काढायचे, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी मॅनेजर व्हायची तिला हौस नव्हती. "खुर्ची मोठी झाली की झोप लहान होते," असं म्हणत तिने एकदा ते पद हसण्यावारी नेलं होतं.

मग नवऱ्याच्या किडन्यांनी हात टेकले. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. धंदा स्वतःचा, त्यामुळे विम्याच्या नावाने शून्य. डायलिसिस सुरू झालं आणि घरातली पुंजी बघता बघता आटली. हॉस्पिटलचा नियम असा, की साध्या कर्मचाऱ्याला विमा फक्त स्वतःपुरता. मॅनेजरला मात्र जोडीदारासह. जुने मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा ताई आपणहून साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. पद मिळालं. पगार नावाला वाढला, ओव्हरटाइम मात्र बंद झाला. पण नवऱ्याच्या नावाचं कार्ड घरी आलं तेव्हा ते उलटसुलट करत तो म्हणाला, "म्हणजे आता मी तुझ्या पगारातच मिळतो तर!" कितीतरी दिवसांनी दोघं पोट धरून हसली.

विभागात ताईची जिवाभावाची मैत्रीण होती. तोंडाला विश्रांती नाही, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. ताई कामात अडकली की नवऱ्याला डायलिसिसला सोडायला रेडिओच जायची, आणि वाटेत त्याला साहेबांची नक्कल करून दाखवायची. त्याच वर्षी रेडिओच्या छातीत गाठ निघाली. केमो सुरू झाली. डोक्याला रुमाल बांधून ती कामावर येई आणि म्हणे, "केसांचा खर्च वाचला गं!"

साहेबांनी ताईला वर बोलावलं ते अशातच.

"निम्मं काम बाहेरच्या कंपनीला देतोय. माणसं कमी करावी लागतील. नावं तुम्ही द्यायची."

"आणि नाही दिली तर?"

"तर ज्या मॅनेजरला माणसं कमी करता येत नाहीत, ती मला काय कामाची?" साहेब आवाज न चढवता म्हणाले. "रजा कुणाच्या जास्त आहेत, तिथून सुरुवात करा."

ताईने रेडिओचं नाव सोडून बाकीची नावं दिली. साहेबांनी रजांचा हिशेब पुढे सरकवला. ती विनवण्या करून थकली. "उपचार अर्ध्यावर आहेत हो तिचे. नोकरी गेली की विमाही जाईल." साहेब म्हणाले, "मग तिच्या जागी तुम्ही जाता का?"

ताईच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा सुजलेला हात आला. तिने सही केली.

रेडिओला सांगायचं कामही तिच्याच वाट्याला आलं. ऐकून रेडिओ जरा वेळ टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "भावोजींचं कार्ड राहिलं ना शाबूत?"

"राहिलं."

"मग झालं तर." तिने पर्स उचलली. शिव्या दिल्या असत्या तर ताईला सोसल्या असत्या.

केमोचे पुढचे डोस सरकारी दवाखान्यात घ्यायचे ठरले. तिथल्या रांगेत तारखा लांबत गेल्या. ताई भेटायला गेली तेव्हा रेडिओच्या लेकीने दार अर्धवटच उघडलं. "आई झोपलीय, मावशी." आतून खोकल्याचा आवाज येत होता. मुलीने मावशी म्हणून हाक मारली, एवढाच काय तो दिलासा. दार लागलं. पावसाळा सरायच्या आत रेडिओ गेली.

नवऱ्याला हे सगळं कळलं ते स्मशानात, कुणीतरी कुजबुजलं तेव्हा. घरी आल्यावर तो बूट न काढताच पलंगावर बसला.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणूनच विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी डायलिसिसची वेळ झाली तरी तो उठेना. ताईने आधी समजावलं, मग ती रडली, मग चिडून त्याच्या अंगावर ओरडली. शेवटी लहान मुलाला घालावा तसा तिने त्याला शर्ट घातला, बुटाच्या नाड्या बांधल्या आणि दंडाला धरून खाली आणलं. तो चालला, पण तिच्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून तो डायलिसिसला जातो. सांगितलं की जेवतो, विचारलं की उत्तर देतो. आपणहून मात्र काही बोलत नाही.

ताई त्याला सोडते आणि कामावर जाते. उरलेल्यांपैकी तिला आता कुणी ताई म्हणत नाही, मॅडम म्हणतात. बाहेरच्या कंपनीला बाकीचं निम्मं कामही द्यायचं चाललंय, असं कानावर येतं. तिने त्याची चौकशी केलेली नाही.