चुन्याच्या रानातली शीर

देवावर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या प्रशिक्षणावरही फारसा उरला नव्हता. होऊ घातलेल्या बालरोगतज्ज्ञांना जगभरातल्या मुलांच्या आरोग्याचं भान यावं म्हणून धाराशिवला वर्ग भरला होता. मी त्यातला एक शिक्षक. विषय ‘अपुऱ्या साधनांत उपचार’, जागा वातानुकूलित सभागृह. उद्घाटनाची समई पेटेना, परदेशी पाहुणे पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजले, आणि मला शाल मिळाली.

दुसऱ्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांना घेऊन मी येरमाळ्याला गेलो. येडेश्वरीची चैत्रातली यात्रा होती. इथं माणसं रानात चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहतात. आमचा उपचाराचा तंबू त्याच रानाच्या कडेला होता. उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. वाकलेल्या पाठी संथ पाण्यासारख्या हलत होत्या.

तेवढ्यात कळंबकडची एक बाई तान्ह्या लेकीला घेऊन धावत आली. जुलाब-उलट्यांनी पोर चिंधीसारखी झाली होती. डोळे खोल गेलेले, रडायला पाणी नाही. सलाईन तातडीनं हवं होतं आणि शीर सापडत नव्हती. अशा वेळी थेट हाडात घालायची सुई असते. ती मी आदल्या दिवशी कोंबडीच्या तंगडीत घालून दाखवली होती आणि त्या सुयांचा डबा सभागृहातच राहिला होता. अँब्युलन्स गर्दीपलीकडं अडकलेली. हातांवर शीर शोधून झालं, डोक्यावरही झालं.

“डॉक्टरसाहेब, वाचंल न्हवं माझी लेक?”

मी पुन्हा पोरीचं मनगट चाचपू लागलो.

गर्दीतून एक म्हातारी आत शिरली. ओंजळीतली चुनखडी तिनं त्या आईच्या पदरात ओतली आणि पोरीच्या पायाशी बसली.

“आजी, बाहेर थांबा,” एक शिकाऊ डॉक्टर म्हणाली.

“थांबते की. समदेच टोचायला बसलाव, लेकराला धरायला कोन हाय?”

पोरीचं पाऊल तिनं दोन्ही तळव्यांत घेतलं आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. हलगी, देवीचा उदो, माणसांचा गलबला, सगळं फार लांब गेलं. किती वेळ गेला कोण जाणे. तिनं तळवे उघडले तेव्हा चुन्यानं पांढऱ्या झालेल्या त्या पावलावर एक पुसट निळी रेघ उमटली होती. मी पाऊल पुसलं. सुई पहिल्याच खेपेला आत गेली.

उबेनं शीर वर येते, हे मीच शिकवतो. त्या घडीला मात्र मला ते आठवलं नव्हतं, आणि म्हातारीला कुणाला काही शिकवायचं नव्हतं.

हळूहळू पोर कण्हली, मग चक्क रडली. मी मान वर केली तेव्हा म्हातारी नव्हती. आईनं पदरातले खडे माझ्यापुढं धरले. “लेक मांडीवर हाय, मला उठता येईना. लेकीच्या नावानं तुमीच वाहा.”

अँब्युलन्स आली, मायलेकी धाराशिवला गेल्या, आणि गळ्यात ओळखपत्र, मुठीत चुनखडी, असा मी रांगेत उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, “साहेब, चला की फुडं, आई वाट बघतीय.” देवीपुढं आल्यावर काय मागायचं ते सुचेना. मूठ उघडली, एवढंच.

संध्याकाळी धाराशिवच्या दवाखान्यातून निरोप आला, पोर दूध प्यायली. समारोपाला मी प्रमाणपत्रं वाटली. माझ्या नखांत अजून चुना होता. सुई धरताना आता मी आधी लेकराचं पाऊल तळव्यांत घेऊन जरा थांबतो. पुढचं माझ्या हातात नसतं, याची आता भीती वाटत नाही.