खालूंची जपानी गादी

अख्ख्या रियाधमध्ये माझ्या खालूंइतकं लाज आणणारं माणूस दुसरं सापडणार नाही, आणि हे मी लेखी द्यायला तयार आहे. खालू म्हणजे माझ्या खालाचे, आईच्या बहिणीचे, यजमान. मूळचे रत्नागिरीकडचे. अल मलाझमधल्या दुकानात जपानी गाड्यांचे पार्ट विकण्यात त्यांची हयात गेली आणि त्या पार्टांवरून त्यांनी सबंध देशालाच सर्टिफिकेट देऊन टाकलं. "ज्यांचं बेअरिंग इतकं गुळगुळीत, त्यांचा पाहुणचार कसा असेल, सांगा!" असं ते गिऱ्हाइकाला विचारतात. जपानी लोक चपला दाराबाहेर काढतात हे कळल्यापासून ते ओलायातल्या बँकेतसुद्धा नुसत्या मोज्यांवर काउंटरला जातात. सिक्युरिटीवाला बघतो ते मात्र माझ्याकडे. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते कमरेत वाकून सलाम करतात. एकदा एक म्हातारे सौदी गृहस्थ, यांचं काहीतरी पडलं असेल असं समजून, त्यांच्याबरोबर वाकून शोधायला लागले. मी जिन्यानं गेले.

हल्ली त्यांना एकच ध्यास. खालाला घेऊन जपानला जायचं आणि राहायचं ते तिथल्या जुन्या सरायीतच, जिथं जमिनीवर चटया, चटयांवर गाद्या आणि सरकती दारं असतात. भाडं मात्र दुकानाच्या पगारात बसलं पाहिजे. शोधायचं काम माझ्याकडे, कारण मी इथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट, इंग्रजी बरं, आणि दर शुक्रवारी त्यांच्याकडेच पडीक.

"गावात जमिनीवरच झोपत होतो ना?" खाला भांडी पुसता पुसता म्हणाली. "आता त्याचे पैसे द्यायचे?"

मी अर्थात खालाच्या बाजूची. भारतात कॉलेजात असताना बायकांच्या फुकट राबण्यावर मी पत्रकं छापून चौकात वाटलीत. मला गुळमुळीत बोलता येत नाही. "खालू, ही शुद्ध चैन आहे. कुणासाठी चाललीय?"

खालूंनी मोबाइल पुढे केला. एक बाई गुडघ्यांवर बसून पाहुण्यांची गादी घालत होती, चादरीची सुरकुती तळहातानं काढत होती. "तुझ्या खालानं लग्न झाल्यापासून येईल-जाईल त्याचं अंथरूण घातलं," ते हळूच म्हणाले. "तिचं कुणी घातलं काय? एकदा घालू दे गो कुणीतरी."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पत्रकाची सवय. "म्हणजे तिथंही बाईच राबणार! अंथरणारा पुरुष पाहिजे."

"मग तशी शोध," खालू म्हणाले.

आणि मी खरोखर शोधली. दिसेल त्या सरायीला लिहिलं, गादी कोण घालतं, बाई की पुरुष? उत्तरं इतकी अदबशीर आली की वाचतानाच कानशिलं तापली. जिथं गादी घालायला माणूस होता तिथलं भाडं ऐकून खालूंनी पाणी मागितलं. परवडणारी एकच निघाली, डोंगरातली. तिनं लिहिलं होतं, दोघांचं स्वागत आहे, गाद्या कपाटात आहेत, आपापल्या घालून घ्याव्यात.

पुढच्या शुक्रवारी ते वाचून दाखवलं तेव्हा खालू बॅटरी उतरलेल्या गाडीसारखे बसून राहिले. मग म्हणाले, "कर बुक. पुरुष हवा होता ना तुला? मी आहे."

त्याच दुपारी, जेवणं झाल्यावर तालीम सुरू झाली. लुंगी सावरत खालू खाली बसले, गुडघे कडाकडा वाजले, गादी उलटी पडली, चादर तिरकी. खाला उशी घेऊन उभी होती. मोकळ्या हातानं काय करावं ते तिला कळेना. ती चादर सरळ करायला वाकली. "खलास! बस्स झालं, हात लावायचा नाही," खालू ओरडले, आणि कमरेत वाकून म्हणाले, "या, मॅडम." खाला हसली आणि परक्या घरी टेकावं तशी गादीच्या काठावर टेकली.

मी हे सगळं लोळत बघत होते. माझं अंथरूण जेवणाआधीच तयार होतं, दर शुक्रवारसारखं, आणि ते कुणी घातलं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. खालाच्या हातातली उशी माझी होती. ती लगेच उठली. "झोप गो, दमलेली असतेस," म्हणत माझ्याकडे आली, आणि मी, पत्रकं वाटलेली बाई, तिला उशी सरकवू द्यायला डोकं वर उचललं.

पलीकडे खालू रिकाम्या गादीवरची सुरकुती तळहातानं पुन्हा काढत होते.