अर्ज पोपटचा, मसुदा माझा

माझ्याविरुद्ध आजवर एकच अर्ज यशस्वी झाला, आणि तो मीच लिहिला होता. हसू नका. चहा घ्या, पहिल्यापासून सांगतो.

मी तालुक्याच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकून होतो. साहेब आले, साहेब गेले; सह्या त्यांच्या, वरचा मजकूर माझा. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "यांच्यासारखा मसुदा जिल्ह्यात कुणी करत नाही." ते भाषणही मीच लिहून दिलं होतं, पण ते असो.

तर मागच्या वर्षी मी आणि आमची ही काष्टीच्या बाजाराला गेलो होतो. गाडी माझी, छोटी, पण रोज पुसलेली. बाजाराच्या तोंडाशीच वांगी दिसली. आता मला सांगा, वांग्यांचा भाव विचारायला कुणी गाडी थांबवतं का? थांबलात की विकणाऱ्याला कळतं, याला घ्यायचीच आहेत. काच खाली करायची, गाडी सरकती ठेवायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं. मी तेच करत होतो. तेवढ्यात पुढचा टोमॅटोचा पिकअप मागे यायला लागला. तो मागे येत होता, मी पुढे जात होतो. मधल्या जागेबद्दल आमचं एकमत झालं नाही.

माझं बॉनेट दुमडलं. त्याचा मागचा फाळका निखळला आणि सहा कॅरेट टोमॅटो रस्त्यावर आले.

पिकअपवाला खाली उतरला. पोपट त्याचं नाव. माझ्या खिशाला लावलेली दोन पेनं बघून त्यानं मला ओळखलंच.

"भाऊसाहेब, रिव्हर्सचं गाणं वाजत हुतं की. निम्म्या बाजारानं ऐकलं."

"गाणं वाजलं म्हणजे रस्ता तुझा झाला का?"

"माझा न्हाई. पर तुमी वांग्यांकडं बघत हुता."

मी हिच्याकडे पाहिलं. ही टोमॅटोकडे पाहत होती.

पोलीस चौकीत हवालदारानं कागद मागितले. मी फाईल काढली. प्रत्येक कागद तीन प्रतींत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पोपटनं लायसन काढलं, गाडीचं पुस्तक काढलं आणि थांबला.

"इन्शुरन्स?"

"संपलाय, साहेब. भरायचा राहून गेला."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझा विमा थर्ड पार्टी. म्हणजे चूक माझी असेल, तर माझी कंपनी समोरच्याला देणार. माझ्या गाडीला मात्र छदाम नाही. आणि चूक समोरच्याची असेल, तर त्याच्या कंपनीनं मला द्यायचं. पोपटला कंपनीच नाही, तेव्हा त्यानं खिशातून द्यायचं. सगळं एका गोष्टीवर आलं: चूक कुणाची? मला काही शंका नव्हती.

पोपट म्हणाला, "भाऊसाहेब, वाढवू नका. मेव्हण्याचं गॅरेज हाय. दोन दिसांत बॉनेट सरळ करून देतो, रंगासकट. टोमॅटोचं माझं मी बघतो."

हिनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, हो म्हणा."

"मी कायद्यानं जाणार."

"कायदा बॉनेट ठोकून देतो का?"

मी पेनाचं टोपण काढलं. बायकांना प्रक्रिया कळत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

हवालदार म्हणाला, "दोघांनी आपापलं म्हणणं लिहून द्या." मी तीन पानं लिहिली, नकाशा काढला, तीन जोडपत्रं लावली. मग सहज पोपटचा कागद पाहिला. त्यावर एवढंच होतं: 'भाऊसाहेबानी गाडी ठोकली. टोमॅटो गेले. पोपट.'

प्रति नाही, विषय नाही, तारीख नाही. हा कागद दप्तरात माझ्या कागदाशेजारी बसणार? मला बघवेना.

"आण इकडे. काय झालं ते सांग."

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. 'सदर इसम वयोवृद्ध असून, वाहन चालविताना त्याचे लक्ष रस्त्याऐवजी वांग्यांवर केंद्रित होते.' वयोवृद्ध हे पोपट म्हणाला नव्हता. वाक्याला वजन हवं होतं.

"लई भारी झालं, भाऊसाहेब. सही करू?"

"थांब. विनंती कुठे आहे? विनंतीशिवाय अर्ज होत नाही." आणि मी लिहिलं, 'सबब, सदर इसमाच्या विमा कंपनीकडून अर्जदारास नुकसानभरपाई मिळावी.' पॉलिसीचा नंबर मला पाठ होता. तोही घातला.

"साक्षीदार कोण?"

"मला कोण हाय हितं?"

मी चौकीत नजर फिरवली. प्रत्यक्ष पाहणारं माणूस एकच होतं. हिनं पेन घेतलं आणि जरा जास्तच चटकन सही केली.

हवालदार वाचून म्हणाला, "भाऊसाहेब, हे तुमच्याच विरुद्ध हाय न्हवं?"

"असेना. नमुन्यात तर आहे."

पोपटनं तोच अर्ज वकिलाकडे नेला. वकिलानं त्यातला एक शब्दही बदलला नाही, हे पुढे कळलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

दोन्ही दावे लोकअदालतीत एकाच दिवशी निघाले. माझ्या शेजारी माझ्या विमा कंपनीचा वकील बसला होता. न्यायाधीशांनी दोन्ही कागद वाचले आणि मला म्हणाले, "तुमची तीन पानं आहेत, नकाशा आहे, पण कोण कुणावर आदळलं ते मला सापडत नाही. यांच्या दीड पानात सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. हा अर्ज कुणी लिहिला?"

"भाऊसाहेबांनीच, साहेब," पोपट प्रामाणिकपणे म्हणाला. "मला कुठलं जमतंय?"

कंपनीच्या वकिलानं सावकाश माझ्याकडे मान वळवली.

"अक्षर तुमचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"अक्षर माझं. म्हणणं त्याचं."

"मग तुम्हीच वाचून दाखवा."

वकील कुजबुजला, "काका, नुसतं वाचा. काही कबूल करू नका. नाहीतर त्याचा फाळका आणि टोमॅटो आम्ही भरणार, अन् तुमचं बॉनेट तुम्ही."

मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि वाचायला लागलो. पहिल्या परिच्छेदात घटना. दुसऱ्यात कारणमीमांसा. कुठे पाल्हाळ नाही, कुठे अडखळायला होत नाही. मागच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली. अर्ध्यावर आलो आणि त्या सदर इसमाचा मला राग यायला लागला. असल्या माणसाला गाडी देतं कोण?

वाचून संपलं. "यावर तुमचं काय म्हणणं आहे?" न्यायाधीश म्हणाले.

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्रुटी शोधण्यात हयात गेली होती माझी. एक सापडेल तर शपथ.

"साहेब," मी म्हणालो, "अर्ज मंजूर करण्यास हरकत दिसत नाही."