‘न्यू’ लिहायला बंदी

पुण्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आमचे सर सोमवारी ऑफिसात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "आजपासून कोडमध्ये कुणीही ‘न्यू’ लिहायचं नाही."

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. ऑफिस सातपूरला, एका प्रेसशॉपच्या माडीवर. खाली पत्र्यावर ठोका बसला की वर आमच्या चहाला लाटा यायच्या. कंपनी म्हणजे माणसं तीन. सर, म्हणजे मालक. निफाडकडचा एक सहकारी, द्राक्षबागायतदाराच्या घरातला, प्रोग्रॅमिंग आपलं आपण शिकलेला. आणि मी, बीसीएस करून नुकतीच लागलेली. कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. भुईकाट्यावर ट्रॅक्टर चढला की वजन थेट कंप्युटरवर यावं आणि पावती छापून निघावी, इतकं साधं काम.

"न्यू लिहायचं नाही, मग ऑब्जेक्ट करायचे कसे?" मी विचारलं.

"फॅक्टरीतून. खाली काय आहे? फॅक्टरी. आपण खाली जाऊन पत्रा ठोकतो का? ऑर्डर देतो, माल वर येतो. तसंच."

सरांची आधीची नोकरी सातपूरच्याच एका कारखान्यात, खरेदी विभागात झाली होती. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना ऑर्डर आणि माल याच रूपात दिसायची. का, हा प्रश्न त्या विभागात विचारायची पद्धत नसावी.

मलाही तेव्हा फार कळत होतं असं नाही. कॉलेजात आमच्या मॅडमनी गाडीचं उदाहरण दिलं होतं. क्लास म्हणजे गाडीचा आराखडा. ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यावरून बनलेली खरी गाडी. कन्स्ट्रक्टर म्हणजे गाडी बनताना चालणारा कोड, रंग लाव, चाकं बसव. आणि ‘न्यू’ लिहून पुढे क्लासचं नाव दिलं की कन्स्ट्रक्टर चालतो आणि कोरी गाडी हातात येते. हे त्यांनी आम्हाला वहीत लिहून घ्यायला लावलं, परीक्षेत तेच विचारलं, आम्ही तेच लिहिलं. पुढे डिग्री मिळेपर्यंत त्या गाडीत बसून आम्ही कुठेही गेलो नाही.

तर सरांचा हुकूम आम्ही पाळला. सहकाऱ्यानं विचारलं, "सर, तारखेची बी फॅक्टरी करायची का?"

"सगळ्याची."

मग तारखेची फॅक्टरी झाली, म्हणजे तारखेचा ऑब्जेक्ट करून देणारा एक वेगळा क्लास. तशीच पावतीची झाली, शेतकऱ्याच्या नावागावाची झाली. प्रत्येक फॅक्टरीत एकच ओळ, आणि त्या ओळीत तेच ‘न्यू’. घरातला कचरा पलंगाखाली सारून घर झाडल्यासारखं. सहकाऱ्याला त्यातही एक अडचण सापडली.

"सर, ह्या फॅक्टरीचाच ऑब्जेक्ट करायला न्यू लागतंय की."

सरांनी खिडकीबाहेर पाहत विचार केला. "मग फॅक्टरीची फॅक्टरी कर."

त्यानं खरंच केली. माझ्याकडे न बघता केली, कारण बघितलं असतं तर दोघांनाही हसू आवरलं नसतं. आधी पानभर असलेला कोड आता कुणाला वाचून दाखवायचा तर अर्धा दिवस मोडला असता. सर मात्र खूष. "आता हे प्रोफेशनल वाटतंय," म्हणाले.

भुईकाट्याचं वजन वाचणारा क्लास तेवढा सरांनी स्वतःकडे ठेवला होता. आम्ही दोघं सॉफ्टवेअरवाले, मशीनमधलं आम्हाला काय कळणार, असं त्यांचं मत. त्या फाइलला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

मग नामपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. सर आणि मी त्यांच्या गाडीनं सटाण्यावरून गेलो. गाडीभर त्यांनी मला फॅक्टरीचे फायदे सांगितले, म्हणजे ‘फ्लेक्सिबल’ हा एकच शब्द निरनिराळ्या आवाजात ऐकवला. व्यापाऱ्याचं खळं मोठं होतं, कांद्याचे ढीग, निवडायला बसलेल्या बाया, आणि फाटकाशी भुईकाटा. काटा जुना, आमच्या नेहमीच्या कंपनीचा नव्हता. सरांनी त्याच्याकडे बघून "काटा तो काटा," एवढंच म्हटलं आणि केबल जोडली.

पहिला ट्रॅक्टर चढला. काट्याच्या लाल आकड्यांत पाच हजार दोनशे दहा किलो. आमच्या स्क्रीनवर एकशे पंचवीस. सर म्हणाले, "आधी होऊ दे, नंतर बघू." कांदा ओतून ट्रॅक्टर रिकामा परत आला. काट्यावर दोन हजार सहाशे ऐंशी, आमच्याकडे आठशे बासष्ट. भरलेल्यापेक्षा रिकामा ट्रॅक्टर जड. प्रिंटरनं इमानेइतबारे पावती काढली, निव्वळ कांदा उणे सातशे सदतीस किलो.

शेतकऱ्यानं पावती उलटसुलट करून पाहिली. "मना कांदा कोठे गया?"

व्यापारी शेठ हसले नाहीत. "साहेब, हाई काय शे? मी ह्याला कांदा विकला का ह्यानं मला?"

सरांनी केबलला दोष दिला. मग व्होल्टेजला, मग कांद्याच्या फोलपटांना. केबल काढून पुन्हा लावली आणि स्क्रीनवरची वजनाची खिडकी दुसऱ्यांदा उघडली. आता वजनच येईना. पोर्ट, म्हणजे केबल जिथे लागते ती कंप्युटरची जागा, आधीच कुणीतरी वापरतंय, असा स्क्रीनवर निरोप. तो वापरणारा आमचाच प्रोग्रॅम होता, पण सर खळ्यातल्या लोकांकडे संशयानं बघत होते. शेवटी शेठ त्यांना जेवायला घेऊन गेले. मला भूक नाही असं सांगून मी कांद्याच्या गोणीवर बसले आणि सरांची ती फाइल उघडली.

काट्याकडून येणारे आकडे जसेच्या तसे छापून पाहिले तर ते उलटे येत होते. पाच-दोन-एक-शून्यचं शून्य-एक-दोन-पाच. त्या कंपनीचा काटा शेवटचा आकडा आधी पाठवायचा. आणि ज्या ज्या खिडकीत वजन लागायचं, तिथे तिथे सरांनी स्वतःच्या हातानं ‘न्यू’ लिहून नेहमीच्या काट्याचा वाचक, म्हणजे वजन वाचणारा ऑब्जेक्ट, तयार केला होता. प्रत्येक नवा वाचक जन्मल्या जन्मल्या पोर्ट उघडायला जायचा. पहिल्यानं तो सोडलेलाच नसायचा, म्हणून दुसरा आपटायचा. तारखेला फॅक्टरी, पावतीला फॅक्टरी, फॅक्टरीलाही फॅक्टरी, आणि जिथे तिची खरी गरज होती तिथे मालकांनी स्वतःला सूट दिलेली.

तिथे गोणीवर बसून मला ती गोष्ट पहिल्यांदा कळली. ‘न्यू’ लिहिताना क्लासचं नाव आत्ताच लिहावं लागतं. म्हणजे नामपूरला कुठला काटा असेल हे सातपूरला बसून ठरवावं लागतं. आणि ‘न्यू’ दर वेळी कोरीच वस्तू देतं, आधीची चांगली चालू असली तरी. कन्स्ट्रक्टरला यातलं काहीच बदलता येत नाही. त्याला बोलावलं तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. तो निर्णय कुणीतरी आयत्या वेळी, समोर काय आहे ते बघून घ्यायला हवा. त्यासाठी एक साधं फंक्शन पुरतं.

मी ते लिहिलं. नाव ठेवलं ‘काटा द्या’, अर्थात इंग्रजीत. आधी बघायचं, वाचक अगोदर तयार आहे का. असेल तर तोच द्यायचा, दुसरा करायचा नाही. नसेल तर सेटिंगमध्ये काट्याची कंपनी बघायची आणि सरळ वाचणारा किंवा उलटं वाचणारा, जो हवा तो तयार करून द्यायचा. काटा जोडलेलाच नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं. कन्स्ट्रक्टर खाजगी करून टाकले, म्हणजे बाहेरून कुणाला ‘न्यू’ लिहिताच येऊ नये, मालकांना तर नाहीच. खिडक्यांमधला बाकीचा कोड फक्त "काटा द्या" म्हणणार आणि वजन विचारणार. काटा कुठला, ही चौकशी त्यानं करायची नाही.

सर ढेकर देत परत आले. मी म्हटलं, "सर, वजनाच्या फाइलमध्ये तीन ठिकाणी न्यू होतं."

"ते वेगळं आहे. तो काटा आहे," ते म्हणाले.

मी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. त्याच शेतकऱ्याचा दुसरा ट्रॅक्टर चढला, भरलेला. स्क्रीनवरचं वजन आणि काट्यावरचं वजन एक आलं. खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तरी आलं. ट्रॅक्टर रिकामा होऊन आल्यावर शेतकऱ्यानं पावती वाचली, घडी करून टोपीत ठेवली. "आते बरोबर शे," म्हणाला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. शेठनी सरांशी हात मिळवला.

परतताना सर एकटेच मान डोलवत गाडी चालवत होते. मला वाटलं, काहीतरी उमगलं असेल. पिंपळगावच्या पुढे ते म्हणाले, "बघितलंस ना, फॅक्टरीची पॉवर? मी सांगत होतो तेच झालं."

मी खिडकीची काच खाली केली. वारा आत आला आणि आवाजात पुढचं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सहकारी आणि मी मिळून एकेक फॅक्टरी हळूच काढून टाकली. तारखेची, पावतीची, फॅक्टरीची फॅक्टरी. काट्याची तेवढी ठेवली. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच चालत राहिला. सरांच्या ते कधीच लक्षात आलं नाही, कारण काट्याची फाइल सोडली तर बाकीचा कोड, ‘प्रोफेशनल’ झाल्यानंतर, त्यांनी उघडून पाहिलाच नव्हता. "लय फ्लेक्सिबल झालं बघ," सहकारी म्हणाला, शेवटची फाइल पुसताना.

पुढे सरांना एका कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं. विषय फॅक्टरी. पहिल्या स्लाइडवर सातपूरच्या एका कारखान्याचा फोटो, दुसऱ्यावर गाडी, आणि शेवटी माझं ‘काटा द्या’, खाली सरांचं नाव. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. राग यायला हवा होता, पण त्या फंक्शनकडे बोट दाखवून सर इतकं चुकीचं सांगत होते की ते आपलं आहे असं कुणाला कळू नये, असंच मला वाटायला लागलं. एका मुलीनं उठून विचारलं, "सर, पण डायरेक्ट न्यू का नाही लिहायचं?"

"कारण ते इंडस्ट्री स्टँडर्ड आहे," सर म्हणाले. टाळ्या झाल्या.

ती मुलगी नंतर पार्किंगमध्ये मला भेटली. मी सरांच्या कंपनीतली आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी तिला दोन काट्यांची गोष्ट सांगितली, एक सरळ पाठवणारा, एक उलटा. म्हटलं, कुठली वस्तू हवी ते लिहितानाच ठाऊक असेल तर खुशाल न्यू लिही, कुणी फासावर देत नाही. ते चालवताना ठरणार असेल, किंवा आधीचीच वस्तू पुन्हा द्यायची असेल, तर मध्ये एक फंक्शन ठेव.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"मग आत तासभर काय चाललं होतं?"

मी किक मारली. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली नाही, त्यामुळे काहीतरी उत्तर देणं भाग पडलं. "सत्कार," मी म्हटलं.